बाईच्या हाताचं सील

आप्पा, मी मोटार बदलली. तिचं सीलही मीच बसवलं. आपल्या दुकानात यायच्या तसलीच पाण्याची मोटार, फक्त विहिरीवरची नाही, पोहायच्या टाकीवरची. आज अकरावा दिवस. रोज सकाळी पूजा आटोपली की मी पंपाच्या खोलीत जाते आणि मोटारीखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलून बघते. कोरडा असतो. तोच कागद परत अंथरते, कोरडा कागद रोज नवा कशाला लागतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरात सगळ्यांना सांगून झालं, वस्तीवर सांगून झालं, नणंदेला फोनवर सांगून झालं, तरी ज्याला ऐकवायचं होतं तो माणूस राहूनच गेला असं वाटत होतं. म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा आमच्या रानात नुसता भात आणि नागली होती. आमचं रान संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या वरच्या अंगाला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, हे तुम्हाला माहीत आहे. आता त्याच रस्त्यानं पुण्या-नाशकाच्या गाड्या येतात. आम्ही चार खोल्या बांधल्या, पाहुण्यांना चुलीवरचं जेवण देतो, आणि मुलाच्या हट्टानं निळ्या फरशीची एक टाकी बांधली. सगळे तिला स्विमिंग पूल म्हणतात, मी टाकीच म्हणते. मुलगा नाशकाला कंपनीत असतो, सुट्टीला येतो. रोजचं सगळं आम्ही तिघं बघतो, हे, मी आणि सूनबाई. टाकी पाहुण्यांसाठी आहे खरी, पण सकाळी सहा ते सात ती वस्तीवरच्या पोरींची. त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी खालच्या वस्तीवरची नववीतली एक पोर शेततळ्यावर कळशी भरायला गेली आणि पाय घसरून आत गेली. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्याच्यावर शेवाळ धरतं, एकदा आत गेलेलं माणूस हातानं धरून वर येऊ शकत नाही. काठावर दोन बाया होत्या. दोघींनाही पोहता येत नव्हतं. त्या पोरीची आई माझ्याकडे खुरपायला येते, अजूनही येते. आमची सूनबाई तुमच्याच कोपरगाव तालुक्यातली, कॅनॉलमध्ये उड्या मारून मोठी झालेली. ती त्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, "आई, टाकी आपल्या दारात आहे. मी शिकवते." आता नऊ पोरी येतात. त्यात गेलेल्या पोरीची धाकटी बहीणही आहे.

कोपरगावचं तुमचं दुकान मला अजून वासानं आठवतं. वार्निशचा वास, जळक्या तारेचा वास, आणि त्यात आईनं दिलेल्या डब्यातल्या भाजीचा. शाळा सुटली की मी डबा घेऊन यायची आणि मग तिथंच बसायची, दाराजवळच्या लाकडी पेटीवर. नदीवरच्या, कॅनॉलवरच्या मोटारी जळून यायच्या, उसाच्या दिवसांत तर दारात रांग. तुम्ही मोटार उघडता, जळलेलं तांबं छिन्नीनं तोडून बाहेर काढता आणि तारेचे वेढे मोजता. मोजता मोजता मोठ्यानं आकडे सांगता आणि मी वहीत लिहिते. कुठल्या गावची मोटार, किती हॉर्सपॉवरची, आत खाचा किती, एका खाचेत वेढे किती, तार किती गेजची. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे. महिन्यातले चार दिवस आई डबा दादाच्या हाती द्यायची, कारण दुकानात देवाचा फोटो होता. मग पाचव्या दिवशी मी चार दिवसांच्या चिठ्ठ्या बघून वही पुरी करायची. वेढ्यांचा आकडा चुकला तर भरलेली मोटार परत जळते, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि माझा आकडा कधी चुकला नाही. हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, म्हणून मी म्हणते.

तुम्ही शिकवत होता ते दादाला. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर. तुम्ही त्याला शिव्या घालत घालत शिकवायचात आणि मी शेजारी बसून लिहायची. "आरं, बेरिंगला थेट हातोडी मारतोस व्हय? मधी लाकूड धर." "कोरडी फिरवू नको तिला, सील जळंल." त्याच्या डोक्यावरून जायचं ते माझ्या डोक्यात बसायचं. शिव्या त्याच्या वाट्याच्या, शिकत मी होते, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, ना तुम्हाला ना त्याला. दादानं पुढं दुकान विकून मोबाईलचं टाकलं, ते तुम्ही बघितलंच.

एक दिवस मात्र माझ्याही वाट्याला आलं. मी आठवीत असेन. दोन शेतकरी मोटार न्यायला येऊन बाकड्यावर बसले होते. टेबलावर नवं सील होतं, कागदातून काढून ठेवलेलं. एक काळी कडी, तिच्या मागं स्प्रिंग, आणि एक पांढरीशुभ्र कडी, आरशासारखी गुळगुळीत. मोटारीचा दांडा पंपात शिरतो तिथं या दोन कड्या तोंडाला तोंड लावून बसतात. काळी फिरते, पांढरी जागेवर राहते, आणि त्यांच्यामधून पाणी मोटारीकडे जात नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण फिरणाऱ्या दोन वस्तूंच्या मधून पाणी कसं जात नाही, ते काही केल्या कळत नव्हतं. म्हणून मी पांढरी कडी उचलली आणि तिच्या तोंडावरून बोट फिरवून बघितलं. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत, कडी हिसकावून घेतलीत आणि म्हणालात, "ठेव ती. बाईच्या हाताचं सील टिकत न्हाई." बाकड्यावरचे दोघं हसले. त्यातला एक म्हणाला, "खरं हाय मिस्त्री, आमच्या घरात लोनचं सुदिक टिकत न्हाई." तुम्हीही हसलात. मी वही उघडली आणि लिहायला लागले. काय लिहीत होते कोण जाणे, तेव्हा मोजायला काहीच नव्हतं.

दहावी पास झाले तेव्हा मी आयटीआयचा फॉर्म मागवून आणला, वायरमनच्या कोर्सचा. तुम्ही चहा पिता पिता तो बघितलात आणि "बघू" म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुकानात आले तर फॉर्म टेबलावर पालथा पडलेला, आणि त्याच्या कोऱ्या अंगावर तुमच्या पेन्सिलीचं अक्षर, साडेसात एचपी, छत्तीस खाचा, खाली वेढे. हाताशी कागद नव्हता म्हणून तुम्ही तो घेतला असेल, मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मी आकडे वहीत उतरवून घेतले. चार वर्षांनी लग्न झालं तेव्हा रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी तुम्ही अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार मांडलीत, स्वतःच्या हातानं भरलेली, हिरवा रंग दिलेली. मांडवातले लोक ती बघायला येत होते. ती मोटार सव्वीस वर्षं चालली. चांगलं काम होतं, ते मी कुणापुढंही कबूल करते. पण मोटार दिलीत, ती उघडायची कशी ते दिलं नाही. सव्वीस वर्षांत दोनदा बेरिंग गेलं, दोन्ही वेळा संगमनेरहून माणूस आला, आणि मी त्याला चहा करून दिला.

आता या वेळचं सांगते. होळी झाल्यापासून टाकीचा पंप घरघर करायला लागला होता. मोटार पंपाला जोडलेली असते तिथून थेंब गळत होते. मी खाली वाटी ठेवली. ह्यांना नेऊन दाखवलं. हे वाकून बघून म्हणाले, "घाम येतोय तिला. उन्हाळा हाय."

"मोटारीला घाम येत नसतो," मी म्हटलं. "सील गेलंय. पाणी दांड्यावरून आत जाईल, बेरिंग गंजेल आणि मोटार जळेल."

"तू काय मिस्त्री हायेस का?"

मी रोज किती वाट्या भरल्या ते वहीत लिहीत गेले. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक, मग दोन, मग तीन. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मोटार एकदम कर्कश ओरडली, मग धूर आला आणि खटका पडला. तो वास मला तीस-पस्तीस वर्षांनी आला, आणि अंगणातूनच ओळखला.

पंप बंद म्हटल्यावर उन्हानं पाणी दोन दिवसांत हिरवं पडलं. एक गाडी आली, पाहुण्यांनी टाकीत डोकावून बघितलं आणि गाडी वळवली. संगमनेरचा मिस्त्री फोनवर म्हणाला, घरात लग्न आहे, दहा दिवस जमणार नाही, आणि आलो तरी पंपासकट सगळं नवं घ्यावं लागेल. गुरुवारी दुपारी ह्यांनी जेवता जेवता निकाल दिला. "बुजवून टाकू. वर हिरवळ लावू. साखरपुडे हुतील, बारशी हुतील. खालच्या रानात जेसीबी आलाच हाय, सोमवारी बोलावतो."

सूनबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आणि पोरी?"

"पोरींना काय. उन्हाळा सरला की साळा हाय त्यांना."

ती भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटली. मला तिचं मन कळत होतं. नऊ पोरींपैकी तीन जणींनी अजून कठडा सोडलेला नव्हता. अर्धवट पोहायला येणारी पोर ही अजिबात न येणाऱ्या पोरीपेक्षा जास्त धोक्यात असते. तिची पाण्याची भीती गेलेली असते आणि पाण्यात टिकायला आलेलं नसतं. टाकी बुजली असती तर त्या तिघी भीती घालवून घरी बसल्या असत्या आणि पुढच्या उन्हाळ्यात शेततळ्यावर कळशी घेऊन गेल्या असत्या. त्यांतली एक त्या गेलेल्या पोरीची बहीण. तिच्या आईला मी काय सांगितलं असतं, मोटारीला घाम आला म्हणून?

जेवणं झाली तशी मी पंपाच्या खोलीत गेले. मेन स्विच पाडला, मोटारीवरची पत्र्याची पाटी पदरानं पुसली आणि वाचून काढली. तसल्या शेकडो पाट्या मी तुमच्या वहीत उतरवल्या आहेत, त्या वाचायला मला चष्मा लागतो, माणूस लागत नाही. नाशकात टाक्यांचं सामान मिळतं त्या दुकानाला फोन लावला. तिकडून आवाज आला, "मालकांना द्या ना फोन, मावशी."

"मालक खत टाकायला गेलेत. तुम्ही लिहून घ्या. एक एचपी, सिंगल फेज, अठ्ठावीसशे फेरे. नुसती मोटार पाहिजे, पंप चांगला आहे. आणि तिच्यासोबत नवं सील. जुन्या सीलवर नवी मोटार बसवली तर ती पण महिन्यात जळेल."

पलीकडं त्यानं लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "मावशी, वायरमन आहे का तुमच्याकडं कुणी?"

"आहे."

"कोण?"

"तुम्ही पाठवा तर खरं."

दुधाचे पैसे माझ्याकडे असतात, त्यातून दिले. ह्यांना विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी जीपवाल्यानं खोकं दारात आणून दिलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी कामाला लागलो. सूनबाई मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ लावून तयार होती. मी म्हटलं, "आधी वही." लाल तार कुठं, काळी कुठं, अर्थिंगची हिरवी कुठं, सगळं लिहून घेतलं आणि मगच सोडवलं. चार बोल्ट काढल्यावर जळकी मोटार मागं सरकली आणि तिच्यासोबत पाणी ढकलणारा पंखा बाहेर आला. तो दांड्यावर आट्यानं बसलेला, आणि मधोमध एक लहानसा स्क्रू. सूनबाईनं त्या स्क्रूला जोर लावला. हलेना. तिचं तोंड लाल झालं, तरी हलेना. अजून जोर केला असता तर स्क्रूचं डोकंच उडालं असतं. तेवढ्यात मला तुमचा आवाज ऐकू आला. आठवला म्हणते, भुताखेताचं नाही सांगत. "उलटा आटा हाय त्याला, बैला. मोटार फिरताना सुटू नये म्हनून उलटा केलाय. उजवीकडं फिरव." दादाला घातलेली शिवी, चाळीस वर्षांपूर्वीची.

"उजवीकडं फिरव," मी सूनबाईला म्हटलं.

"उजवीकडं तर आवळतं ना, आई?"

"हा सुटतो."

सुटला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मागून दांडा पान्यानं धरला, पंखा फिरवून काढला, आणि आत जुनं सील दिसलं. काळी कडी एका अंगानं झिजलेली, स्प्रिंगला गंज, आणि गंजाचा ओघळ थेट मोटारीच्या बेरिंगपर्यंत गेलेला. घाम म्हणे.

इथपर्यंत मी बरोबर होते. आता माझी चूक सांगते, ती लपवून हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. शुक्रवारी खोकं आलं तेव्हा मी ते देव्हाऱ्यापुढं ठेवलं होतं. आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू लागतं, मग ती सायकल असो, फ्रीज असो नाहीतर खुरपं. तुम्हीच दसऱ्याला हातोडी-पान्यांना लावायचात. मी मोटारीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि सीलची डबी उघडली. पांढरी कडी निरांजनाच्या उजेडात अशी चकाकत होती की मी तिच्या तोंडावरही बोटानं एक ठिपका दिला आणि हात जोडले. शनिवारी बसवताना तो ठिपका पदरानं पुसून टाकला. पुसला असं मला वाटलं.

दुपारी पंपाच्या टोपलीत वरून पाणी भरलं, झाकण आवळलं, सूनबाईनं स्विच टाकला. मोटार गोड चालली, टाकीत पाणी उसळलं, आणि ती बाई, एका पोराची आई, तिथल्या तिथं उड्या मारायला लागली. अर्ध्या तासानं हे आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे काय?" मोटारीखाली थेंब. एक पडला, जरा वेळानं दुसरा. थेंबाला लालसर झाक होती. ह्यांनी तो बोटावर घेतला, निरखला. "कुंकू लावलंस व्हय ह्याला?" मी मान हलवली. हे हसले असते तर मला राग तरी आला असता. हसले नाहीत. "सोमवारी जेसीबी येतोय," म्हणाले आणि गेले.

मोटार बंद केली, सगळं परत उघडलं. पांढऱ्या कडीच्या तोंडावर केसासारखे बारीक ओरखडे पडले होते, गोल गोल. कुंकवाचा कण दोन तोंडांच्या मध्ये अडकून फिरला होता. ती कडी हातात घेऊन मी जमिनीवर बसले आणि मला ते दुसरं आठवलं, जे इतकी वर्षं मी कधी काढून बघितलं नव्हतं. तुमच्या त्या चापटीनंतर चार-सहा दिवसांनी दादानंही असंच नवं सील उचललं, असंच तोंडाला बोट लावलं. तुम्ही त्याला शेजारी बसवलंत, आणि कधी नव्हे ते शिवी न देता म्हणालात, "तोंडाला बोट लावायचं न्हाई. बोटाला तेल असतं, धूळ असती. केसाएवढी कनी मधी राहिली तरी पानी वाट काढतं. फडक्यात धरायचं, कडंनं धरायचं." मी पेटीवर बसले होते. एरवी तुमचा शब्द खाली पडू देत नव्हते, पण त्या आठवड्यात मी रागानं कान बंद करून बसले होते. ते बोलणं मी ऐकलं आणि घेतलं नाही.

दादाला कारण मिळालं. मला बाईचा हात मिळाला. तुमच्या तोंडात कारण होतं, आप्पा, चार दिवसांनी निघालं की. मग ते मला का दिलं नाहीत? दोन माणसं बाकड्यावर बसली होती म्हणून? त्यांना हसवायचं होतं म्हणून? शनिवारी दुपारी तुमचं म्हणणं खरं ठरलं होतं, बाईच्या हाताचं सील अर्धा तास टिकलं. कुंकू माझं होतं, चूक माझी होती, ती मी तुमच्यावर ढकलत नाही. पण बाकीचं तुमच्याकडे आहे, आणि ते मी तुमच्याकडेच ठेवणार आहे.

रविवारी नाशकाचं दुकान बंद. मी खराब सील स्टीलच्या डबीत घातलं आणि जीप धरून अकोल्याला गेले. शेतीच्या मोटारींचं सामान विकणारा एक जण दुकानाच्या मागंच राहतो. त्याची बायको कपडे वाळत घालत होती. तिनंच आत हाक मारली, "अहो, ह्या ताईंना सील पायजे." त्यानं डबी उघडली, कडीचं माप घेतलं. "ह्या मापाचं शेतीच्या लहान मोटारीला चालतं, हाय माझ्याकडं. पन हे लाल काय?"

"कुंकू," मी म्हटलं.

तो बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? मी इन्व्हर्टरला लावलं हुतं, त्याला काय झालं?" मग तो मला म्हणाला, "बसवनार कोन, ताई?"

"मीच."

"मंग तोंडाला हात लावू नका."

"ते कळलं," मी म्हटलं. "जरा उशिरा कळलं."

घरी येऊन मी परत अंघोळ केली आणि धुतलेलं लुगडं नेसले. सूनबाईला वाटलं, आता परत पूजा. पूजा नव्हती. जीपमध्ये येताना माझ्या डोक्यात एकच येत होतं, नैवेद्याचं ताट. ते वाढताना आपण चव घेत नाही, वास घेत नाही, बोट लावत नाही. देवाच्या आधी त्याला कुणी शिवत नाही. तसं ताट मी तीस वर्षं रोज वाढते. सील तसं धरायचं असतं. बाईच्या हाताला हे येत नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत, तुमच्या घरचा नैवेद्य कोण वाढत होतं? देव्हाऱ्यातलं धुतलेलं मलमलीचं फडकं घेतलं आणि पांढरी कडी त्यात कडेनं धरली. तिच्या बाहेरच्या रबराला साबणाचं पाणी लावलं, तोंडाला काही नाही. फडक्यावरूनच दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देत ती तिच्या खोबणीत बसवली. सरळ बसली. सूनबाईनं खुशीत काळी कडी उचलायला हात पुढं केला आणि मी तिच्या हातावर चापट मारली. "हात लावू नकोस."

ती चापट कुणाची होती ते मला लगेच कळलं.

ती म्हणाली, "का?"

एवढंच. रागानं नाही, घाबरूनही नाही. मग मी तिला सांगितलं, बोटाला तेल असतं, धूळ असते, केसाएवढी कणी राहिली तरी पाणी वाट काढतं. फडकं तिच्या हातात दिलं आणि काळी कडी तिलाच बसवायला लावली. तेव्हा आप्पा, हे जे अकरा दिवस टिकलंय ते सील दोन बायकांच्या हाताचं आहे. चार वाजता स्विच टाकला, खाली कागद अंथरला आणि दिवेलागणीपर्यंत मी तिथंच जपमाळ घेऊन बसले. कागद कोरडा.

सोमवारी जेसीबी आलाच नाही, त्याचा कसला पाइप फुटला होता. ती देवाची कृपा. पंप सोमवारी दिवसभर चालला, क्लोरीनची पावडर टाकली, आणि मंगळवारी सकाळी टाकीच्या तळाची निळी फरशी दिसायला लागली होती. सहाला पोरी आल्या. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून जेसीबीवाला सात वाजायच्या आतच येऊन ठेपला. टाकीच्या अलीकडं त्यानं मशीन थांबवलं, वरूनच वाकून बघितलं आणि ह्यांना म्हणाला, "मालक, ह्यात पोरी हायेत की." सहा पोरी पाण्यात हात मारत होत्या, तिघी काठाशी. धाकटी बहीण अजून कठड्यालाच होती, पण एका हातानं. हे टाकीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. आलाच हायेस तर गाड्या लावायची जागा सपाट करून दे."

"मोटार जळली म्हनत हुतात ना? मिस्त्री कोन आनला?"

ह्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "ही."

तो हसला. हे हसत नाहीत हे बघून थांबला. "काकू, कुठं शिकलात वो?"

आणि मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी शिकवलं. कोपरगावला दुकान होतं त्यांचं."

असं तोंडातून निघून गेलं. सूनबाईनं पाण्यातून वळून बघितलं, कारण तिला सगळं ठाऊक आहे. मी एकादशी मोडत नाही, दूध मापात देते, आणि त्या दिवशी सकाळी सकाळी परक्या माणसापुढं खोटं बोलले. तुम्ही मला शिकवलं नाहीत. तुम्ही दादाला शिकवलंत आणि मी ते पेटीवर बसून उचललं, हे खरं आहे आणि ते तसंच सांगायला पाहिजे. ते वाक्य मागं घ्यायचं म्हणूनच मी तुम्हाला लिहायला बसले होते. पण त्यानंतर अजून दोघांनी विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी तर तोंडातून निघून गेलं असंही म्हणता येत नाही, ठरवून सांगितलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचा पत्ता असता, पोस्टमन रोज तुमच्या दारावरून जात असता, तरी दिलं नसतं. ते वाक्य म्हणताना मला बरं वाटलं, तिन्ही वेळा. हे वाचून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता, आणि तेवढं तुम्हाला द्यायची माझी अजून तयारी नाही.